आराखड्यातल्या नोट्स वेब पानावर आणल्या, आता त्यांना सीएसएसचे नियम कसे लावावेत?

तलावपाळी | शनिवार, संध्या. ७.१०

नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही जण राज्यघटनेच्या नोट्स तयार करतो आहोत. सगळ्या नोट्स आराखड्याच्या रूपात आहेत. आधी भाग, त्याखाली अनुच्छेद, मग खंड, उपखंड, त्यावरचं आमचं स्पष्टीकरण आणि शेवटी निवाडे. काही ठिकाणी सात पातळ्या होतात. २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर या आराखड्यांची किंमत आणखी वाढली आहे, कारण उत्तराचा सांगाडा मुलांना त्यातच दिसतो.

आउटलायनर, म्हणजे आराखडा लिहिण्याचं ॲप, आम्हाला दोन प्रकारे फाइल देतो. ओपीएमएल (आराखड्याचा फाइल प्रकार) घेऊन पॅन्डॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून काढली तर प्रत्येक ओळ शीर्षक होऊन बसते. मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर) घेतलं तर सगळंच यादीत यादी, यादीत यादी. पहिल्या पानात कुठे काय महत्त्वाचं ते कळत नाही. दुसऱ्यात मोबाइलवर खालच्या पातळ्या उजवीकडे चेपल्या जातात, अक्षर बारीक होत जातं, आणि प्रिंट काढली की शीर्षक एका पानाच्या तळाशी तर मजकूर पुढच्या पानावर.

मजकुराला हात न लावता हे फक्त सीएसएसच्या, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांनी सुधारता येईल का? बहुतेक मुलं डोंबिवली, बदलापूर, टिटवाळ्याहून येतात आणि लोकलमध्ये उभ्याने वाचतात, त्यामुळे मोबाइल आधी. कोड जसाच्या तसा चिकटवण्यापेक्षा शब्दांत सांगितलंत तर इतरांनाही समजेल. फाइल हवी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

कोपरीकर | शनिवार, रात्री ९.४५

तलावपाळीताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. सविस्तर लिहितो.

शीर्षक की यादी, हे आधी ठरवा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या मूळ भाषेत, शीर्षकाच्या पातळ्या सहाच आहेत. तुमचा आराखडा सातव्या पातळीवर गेला की पॅन्डॉक तिथे शीर्षक न देता साधा परिच्छेद देतं आणि त्याला ‘हेडिंग’ नावाचा क्लास (नियम लावण्यासाठीचं लेबल) चिकटवतं. दिसायला तो ठळक करता येतो, पण पानाच्या रचनेत तो शीर्षक राहत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: या ओळीवर कोणी अनुक्रमणिकेतून किंवा लिंकवरून थेट येईल का? येणार असेल तर शीर्षक, नसेल तर यादी. तुमच्याकडे भाग, भागातलं उपशीर्षक आणि अनुच्छेद ही तीन शीर्षकं पुरेशी आहेत. खंडापासून खाली सगळी यादी. मिश्र रचना हवी असल्याने मार्कडाउनची वाट धरा.

पॅन्डॉक चालवताना ‘सेक्शन-डिव्ज’ हा पर्याय द्या. मग प्रत्येक शीर्षक आणि त्याखालचा सगळा मजकूर एका सेक्शनमध्ये बांधला जातो आणि त्याला लेव्हल-वन, लेव्हल-टू असे क्लास मिळतात. नियमांना धरायला एवढी खुंटी पुरते.

अक्षर बारीक का होतं, त्याचं कारण तुमच्या स्टाइलशीटमध्ये (सीएसएस नियमांच्या फाइलमध्ये) असणार. यादीच्या आयटमला ०.९ एम असा आकार दिलेला असेल तर एम हे माप बाहेरच्या आयटमच्या आकारावरून मोजलं जातं. म्हणजे प्रत्येक पातळीला पुन्हा दहा टक्के कपात. १६ पिक्सेलवरून सुरुवात केली तर सहाव्या पातळीला साडेआठ पिक्सेल उरतात. त्या आकारात मराठीतला रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येत नाहीत. एमच्या जागी रेम घ्या. रेम पानाच्या मूळ आकारावरून मोजतात, त्यामुळे कपात साचत नाही. माझं मत विचाराल तर यादीतल्या मजकुराचा आकार खोलीप्रमाणे बदलूच नये. खोली दाखवायला डावी बाजू आहे.

डाव्या बाजूचं गणितही असंच आहे. ब्राउझर प्रत्येक यादीला स्वतःहून ४० पिक्सेल आत सरकवतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर सहा पातळ्यांचे २४० गेले, पानाच्या कडा गेल्या, मजकुराला शंभरच्या आसपास उरले. एका ओळीत दोन शब्द. पहिली यादी १ रेम आत घ्या, त्यातल्या याद्या पाऊण रेम, आणि चौथ्या पातळीनंतर आत सरकवणं बंद करा. त्याऐवजी डावीकडे बारीक उभी रेघ द्या. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते रेघेवरून कळतं आणि जागाही वाचते.

पातळी निवडताना ‘यादीतली यादी’ असा मोघम नियम लिहू नका. तो सर्व खालच्या पातळ्यांना लागतो. थेट अपत्याची निवड करणारी खूण वापरा, म्हणजे नियम त्याच पायरीवर थांबतो.

आकड्यांसाठी सीएसएसचे काउंटर (आपोआप आकडे घालणारी सोय) आहेत, त्यात देवनागरी अंकही मिळतात. ते उद्या.

घोडबंदर | शनिवार, रात्री १०.३०

कोपरीकरांनी सांगितलेली विभागणी ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग-मोडमध्ये मुळातच आहे. निर्यात करताना वरच्या तीन पातळ्या शीर्षकं होतात, त्याखालच्या आपोआप याद्या. पातळी बदलायची तर फाइलच्या वर एक ओळ. मी कामाच्या टिपणांची पानं अशीच काढतो. अभ्यासिकेत इतर कोणी ईमॅक्स वापरत नसेल तर मात्र पॅन्डॉकच बरं, एका माणसावर सगळं अडून राहू नये.

जुना_ठाणेकर | रविवार, सकाळी ७.५०

तलावपाळी, उपक्रम स्तुत्य आहे. मला संगणकातलं बेताचंच कळतं, पण कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, तेव्हा आकड्यांबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो.

कोपरीकर म्हणतात तसे आकडे आपोआप पडणार असतील तर घटनेच्या बाबतीत ते चुकीचे पडतील. भाग सातवा १९५६च्या सातव्या दुरुस्तीने वगळला. यंत्राने ओळीने मोजलं की आठवा भाग सातवा होईल आणि पुढचे सगळे एकेकाने घसरतील. भाग चार-क मध्येच आला आहे, त्याला यंत्र पाच म्हणेल. अनुच्छेद २१ नंतर २१क आहे, शिक्षणाच्या हक्काचा, तो २२ होऊन बसेल.

सगळ्यात घातक जागा १९(१) ची. तिथे (क) ते (ङ) सलग आहेत, (च) वगळला आहे आणि मग (छ). संपत्तीचा हक्क (च) मध्ये होता. तो ४४व्या दुरुस्तीने २० जून १९७९पासून गेला आणि ३००क मध्ये वेगळ्या रूपात आला. यंत्र मोजेल तर व्यवसायाचं स्वातंत्र्य (च) म्हणून छापलं जाईल. विद्यार्थी तेच पाठ करेल आणि पेपरात तेच लिहील. कायद्यातला क्रमांक हे त्या तरतुदीचं नाव असतं. तो बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, स्टाइलशीटला नाही.

तलावपाळी | रविवार, सकाळी ९.०५

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. मुलं ‘१९ एक छ’ असंच बोलतात, पानावर वेगळं दिसलं असतं तर गोंधळ उडाला असता.

कोपरीकर | रविवार, दुपारी १२.१५

काकांचा मुद्दा पक्का आहे, आणि त्यातून कामाची रीतच ठरते. तुमच्या आराखड्यात दोन तऱ्हेचे आकडे आहेत. घटनेने दिलेले आकडे मजकुराचा भाग आहेत, ते हाताने लिहा. तुमच्या स्पष्टीकरणातले मुद्दे पहिला, दुसरा, तिसरा असे आहेत. उद्या मध्ये एक मुद्दा घातला तर पुढचे बदलले पाहिजेत, ते काउंटरवर सोडा.

काउंटरचे आकडे मराठीत आणायला लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ एवढं म्हटलं की काम होतं. मुद्द्यांना (क), (ख) हवं असेल तर काउंटर-स्टाइल नावाच्या नियमात अक्षरांची ओळ स्वतः द्यायची, पुढे-मागे कंसही तिथेच सांगायचा. मराठी अधिनियमांत असतात तसे (एक), (दोन), (तीन) सुद्धा याच रीतीने येतात. फायरफॉक्सला हे २०१४पासून कळतं, क्रोमला २०२१पासून, सफारीला २०२३पासून. त्याआधीच्या फोनवर साधे १, २, ३ इंग्रजी अंकांत दिसतील. पान मोडणार नाही, त्यामुळे बिनधास्त वापरा. तरी माझा सल्ला असा की आपल्या मुद्द्यांना क, ख, ग देऊच नका. घटनेच्या अक्षरांशी घोळ होईल. तुमच्या मुद्द्यांना देवनागरी अंक ठेवा आणि ते फिकट करा.

घटनेच्या क्रमांकाला स्पॅनमध्ये (ओळीतला तुकडा गुंडाळणाऱ्या टॅगमध्ये) घालून ‘क्रमांक’ असा क्लास द्या. पॅन्डॉकच्या मार्कडाउनमध्ये चौकोनी कंसात क्रमांक आणि लगेच महिरपी कंसात क्लास लिहिला की झालं. मग त्या स्पॅनला अडीच रेम रुंदी, इनलाइन-ब्लॉक, आणि डावीकडे उणे अडीच रेम मार्जिन. आयटमला डावीकडे तेवढंच पॅडिंग. क्रमांक बाहेर लटकतो आणि मजकुराच्या सगळ्या ओळी एका रेषेत येतात. पुष्कळ जण हे टेक्स्ट-इंडेंट उणे करून साधतात. ते टाळा, कारण टेक्स्ट-इंडेंट वारशाने आतल्या याद्यांत उतरतं आणि तिथली प्रत्येक ओळ बाहेर ओढतं.

क्रमांक यादीच्या आयटमवर ‘व्हॅल्यू’ लिहूनही देता येतो: सात म्हटलं की (छ). पण मार्कडाउनमधून येणाऱ्या यादीत पॅन्डॉक फक्त पहिला आकडा मानतं, मधली उडी त्याला दिसत नाही. म्हणून स्पॅनच.

ऐरोली_कट्टा | रविवार, दुपारी ३.३०

कोपरीकरदादा, मी याच परीक्षेची तयारी करतोय, वाशी-ठाणे लोकलने अभ्यासिकेत जातो. वाचणारा म्हणून दोन गोष्टी मागतो.

पहिली, उजळणीच्या वेळी फक्त अनुच्छेदांची नावं दिसावीत, आतलं सगळं झाकलेलं. आठवतंय का ते आधी स्वतःला विचारायचं, मग उघडून बघायचं. दुसरी, निवाडे लगेच डोळ्यांत भरावेत. आत्ता केशवानंद भारती एका ठिकाणी वेगळा दिसतो आणि मनेका गांधी दुसऱ्या ठिकाणी वेगळा.

कोपरीकर | रविवार, संध्या. ६.४०

निवाड्यांचं आधी सांगतो, कारण सगळ्या धाग्यात मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

खोली आणि प्रकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. केशवानंद भारती (२४ एप्रिल १९७३) तुमच्या आराखड्यात ३६८ खाली चौथ्या पातळीवर असेल. मनेका गांधी (२५ जानेवारी १९७८) २१ खाली मुद्द्याच्या पोटात, पाचव्या पातळीवर. नियम खोलीवर बांधलेत तर एकाला चौथीचं रूप आणि दुसऱ्याला पाचवीचं, आणि पाचवीवरच असलेलं एखादं साधं स्पष्टीकरण मनेका गांधीसारखं दिसायला लागेल. वाचणाऱ्याला दोन्ही निवाडेच आहेत. म्हणून खोलीला फक्त जागेचे नियम द्या: किती आत, वर किती मोकळीक, रेघ आहे की नाही. रंग, ठळकपणा, चौकट हे प्रकाराला द्या. प्रकार मात्र ब्राउझरला ओळखता येत नाही, तो आराखड्यात लिहावा लागतो.

ताई, तुम्ही म्हणालात की मजकुराला हात न लावता व्हावं. एवढा एक हात लावावा लागेल. आउटलायनरमध्ये लिहिताना ओळीच्या शेवटी ‘#निवाडा’, ‘#दुरुस्ती’, ‘#पूर्वप्रश्न’ अशी खूण टाका. पॅन्डॉकला एक छोटा ल्युआ फिल्टर (रूपांतर होताना मजकुरात बदल करणारा प्रोग्राम) द्यायचा, तो खूण काढून टाकतो आणि त्या ओळीला त्या नावाचा क्लास देतो. मी लिहून देतो. ओपीएमएलमध्ये ओळीला ‘टाइप’ असा गुणधर्म देण्याची सोय आहे, पण आपण मार्कडाउनच्या वाटेने जातोय, आणि खूण डोळ्यांना दिसत असली की लिहिणाऱ्यांच्या ती लक्षात राहते. प्रकार चार-पाचच ठेवा. वीस प्रकार केलेत तर लिहिणारे खुणा टाकणं सोडून देतील.

घोडबंदर | रविवार, रात्री ८.१०

ऐरोली_कट्टा, तू मागतोयस ती सोय आराखड्यांच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत एनएलएस प्रणालीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात मजकूर पातळ्यांमध्ये बांधलेला होता, आणि किती पातळ्यांपर्यंत दाखवायचं हे पाहणारा ठरवत होता. मजकूर तोच, दृश्य वेगळं. सीएसएसची पहिली शिफारस त्यानंतर २८ वर्षांनी, डिसेंबर १९९६मध्ये आली.

आजच्या पानात ‘डीटेल्स’ आणि ‘समरी’ हे टॅग आहेत. टिचकी मारली की उघडतं, स्क्रिप्ट लागत नाही.

कोपरीकर | रविवार, रात्री ९.२०

डीटेल्स चांगलंच आहे, पण एक अडचण बघा. मिटलेलं डीटेल्स छापलं तर मिटलेलंच छापलं जातं. विद्यार्थी प्रत्येक अनुच्छेद उघडून मग प्रिंट देणार नाही.

त्यापेक्षा पानाच्या वर दोन रेडिओ बटणं ठेवा: ‘फक्त नावं’ आणि ‘सगळं’. पहिलं निवडलेलं असताना त्याच्या पुढच्या भावंड सेक्शनांमधल्या याद्या आणि परिच्छेद दिसू नयेत, असा नियम. ही निवड ‘चेक्ड’ या स्थितीवरून होते, स्क्रिप्टची गरज नाही. छपाईच्या नियमांत लिहायचं की बटण काहीही असो, याद्या दिसल्याच पाहिजेत आणि बटणं दिसता कामा नयेत. लपवणं नियमाने झालं आहे, म्हणून दुसऱ्या नियमाने ते उलटवता येतं.

बटणं पॅन्डॉकच्या ‘इन्क्लूड-बिफोर-बॉडी’ पर्यायातून आत घाला. ती एखाद्या डिव्हमध्ये (मजकुराचा गट बांधणाऱ्या टॅगमध्ये) गुंडाळू नका, नाहीतर ती सेक्शनांची भावंडं राहत नाहीत आणि नियम लागत नाही. एकेक अनुच्छेद स्वतंत्र उघडायचा असेल तर मात्र डीटेल्सच लागेल. उजळणीला मला बटणं पुरेशी वाटतात.

शिरोरेखा_प्रेमी | रविवार, रात्री ११.००

अक्षरांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक स्टाइलशीट रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. त्या मराठीवर तशाच घातल्या की काय होतं ते अनेक मराठी संकेतस्थळांवर रोज दिसतं, आणि बघवत नाही.

ओळींमधलं अंतर १.२ किंवा १.४ असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. लाइन-हाइट १.७च्या आसपास ठेवा. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग देण्याची पद्धत आहे, ती पूर्ण काढा. अक्षरं लांब गेली की शिरोरेखा तुटते आणि शब्द सुटा होतो. तिरपा टंकही नको. बहुतेक देवनागरी फाँटांत खरा तिरपा नसतो, ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करून दाखवतो. जोर द्यायचा तर वजन वाढवा. लिंकची अधोरेखा उकारातून जाते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेटने खाली ढकला.

आणि पानाची भाषा सांगा. पॅन्डॉकला ‘लँग’मध्ये ‘एमआर’ दिलं की ते एचटीएमएलच्या टॅगवर येतं. ज्या फाँटांत सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं त्यामुळेच उमटतात, नाहीतर हिंदी वळणं येतात. तिरो देवनागरी मराठी या फाँटात ती वळणं मुळातच आहेत, घटनेच्या मूळ शब्दांना तो शोभून दिसेल. नोट्सच्या मजकुराला मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट छान. त्यात बरीच वजनं आहेत, त्यामुळे खंड, स्पष्टीकरण आणि निवाडा यांतला फरक रंगाशिवाय दाखवता येतो. दोनच फाँट घ्या, फोनवर उतरायला वेळ लागतो.

ऐरोली_कट्टा | सोमवार, सकाळी ८.१५

‘रंगाशिवाय’ला जोरात अनुमोदन. आम्ही सगळे ठाणे स्टेशनबाहेर काळ्या-पांढऱ्या प्रिंट काढतो आणि पुढचे त्याची झेरॉक्स काढतात. पिवळी पट्टी दुसऱ्या झेरॉक्सला गायब झालेली असते.

कोपरीकर | सोमवार, सकाळी १०.०५

पट्टी पहिल्या प्रिंटलाच जाईल. ब्राउझर एरवी पार्श्वभूमीचे रंग छापतच नाहीत, रेघा मात्र छापतात. म्हणून निवाड्याला डावीकडे तीन पॉइंटाची भरीव काळी रेघ आणि ठळक नाव, दुरुस्तीला तुटक रेघ. फिकट राखाडी छपाईत वापरू नका, झेरॉक्सला तो टिकत नाही.

शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहू नये म्हणून शीर्षकांना ‘ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’. छोट्या आयटमांना ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’. हा नियम अख्ख्या अनुच्छेदाला लावू नका. १९ सारखा लांब अनुच्छेद मावेनासा झाला की आधीचं पान अर्धं कोरं सुटतं. डावीकडे पंचिंगसाठी जास्त मार्जिन ठेवा.

पाचपाखाडी | सोमवार, दुपारी २.२०

वाचनखूण साठवली. आमच्या नोट्स गूगल डॉक्समध्ये आहेत, तिथून एचटीएमएल घेऊन हेच नियम लावले तर लागत नाहीत. कारण काय असावं?

कोपरीकर | सोमवार, दुपारी ३.००

डॉक्सच्या एचटीएमएलमध्ये यादीच्या पोटात यादी नसते. प्रत्येक पातळीची सुटी यादी एकाखाली एक ठेवलेली असते आणि पातळी फक्त क्लासच्या नावात लिहिलेली असते. ‘यादीतली यादी’ शोधणाऱ्या नियमाला तिथे काही सापडत नाही. डॉक्समधून वर्डची फाइल उतरवून ती पॅन्डॉकला द्या, पातळ्या खऱ्या मिळतील. शीर्षकं हाताने मोठी केलेली नसावीत, हेडिंग स्टाइलने दिलेली असावीत.

नेरूळ_श्रोता | सोमवार, रात्री ९.३०

मी दृष्टिहीन आहे, संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे पान वाचून दाखवणारे प्रोग्राम वापरतो. हा धागा ऐकून आनंद झाला, कारण इथली चर्चा रचनेवर आहे, आणि मला पान रचनेतूनच कळतं. चार गोष्टी सांगतो, कृपया आधीच धरा.

शीर्षकं खरी असू द्या. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की मी पुढच्या शीर्षकावर जातो, तीन दाबला की थेट तिसऱ्या पातळीच्या. तुमचे अनुच्छेद तिसऱ्या पातळीवर असतील तर पूर्ण भाग मी भराभर ऐकू शकेन. ठळक केलेला परिच्छेद मला शीर्षक म्हणून ऐकूच येत नाही.

याद्या खऱ्या असू द्या. यादीत शिरलो की किती आयटम आहेत ते मला सांगितलं जातं. ‘पाच आयटम’ ऐकलं की मन तयार होतं. यादीच्या खुणा लिस्ट-स्टाइल ‘नन’ करून काढल्या तर सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा तसाच वाचक) तिला यादी मानणं सोडतो. माझ्या मित्रमैत्रिणींपैकी आयफोनवाल्यांना तो त्रास होतो. क्रमांक स्पॅनमध्ये लिहून तुम्ही खुणा काढणारच आहात, तेव्हा त्या यादीला ‘रोल’ म्हणून ‘लिस्ट’ लिहा.

रेडिओ बटणांना लेबल जोडा, नाहीतर नुसतं ‘रेडिओ बटण’ ऐकू येतं. आणि भाषा मराठी सांगण्याबद्दल वर आलंच आहे. ती सांगितली नाही तर माझा वाचक कधी कधी मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचतो.

निवाड्याची रेघ मला दिसणार नाही. फिल्टर ‘#निवाडा’ ही खूण काढून टाकतो म्हणालात. काढून टाकू नका, ‘निवाडा’ हा शब्द ओळीच्या सुरुवातीला ठेवा.

कोपरीकर | सोमवार, रात्री १०.४०

शेवटचा मुद्दा सर्वांच्याच फायद्याचा आहे. फिल्टर बदलतो: खूण शेवटून निघेल आणि ‘निवाडा:’ हा शब्द सुरुवातीला खरा मजकूर म्हणून येईल, नियम त्याला लहान चिठ्ठीचं रूप देतील. झेरॉक्समध्येही तो टिकेल. ‘रोल’सुद्धा फिल्टरमधूनच घालतो.

तलावपाळी | मंगळवार, संध्या. ७.२५

नेरूळ_श्रोता, मनापासून आभार. आमच्या अभ्यासिकेत दोन दृष्टिहीन विद्यार्थी येतात, त्यांना पान पाठवण्याआधी तुम्हाला दाखवलं तर चालेल का?

बाकी बरंचसं जमलं आहे. एक प्रश्न उरला. मुलं ग्रुपवर अनुच्छेदाची लिंक टाकतात. आराखड्यात काही पुढे-मागे केलं की जुन्या लिंक भलतीकडे नेतात.

घोडबंदर | मंगळवार, रात्री ८.४०

पॅन्डॉक शीर्षकाच्या शब्दांवरून ओळख तयार करतं. ‘अपवाद’ असं शीर्षक चार ठिकाणी असेल तर दुसऱ्यापासून पुढे उणे एक, उणे दोन असे आकडे जोडले जातात. क्रम बदलला की आकडे अदलाबदल होतात. ऑर्गमध्ये तर ओळख आपण ठरवून दिली नाही तर ती निर्यातीगणिक बदलू शकते. दोन्हीकडे उपाय एकच, ओळख स्वतः लिहायची.

जुना_ठाणेकर | बुधवार, सकाळी ७.३०

मग अनुच्छेदाचा क्रमांकच ओळख म्हणून द्या. कायद्यात एखादी तरतूद वगळली तरी बाकीच्यांचे क्रमांक पुन्हा घालत नाहीत, जागा रिकामी ठेवतात, म्हणून तर १९(१) मध्ये (च)ची जागा आजही मोकळी आहे. नवी तरतूद आली की क, ख जोडून येते. जुन्या निवाड्यांत, पुस्तकांत दिलेले संदर्भ चुकू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. तुमच्या लिंकनाही तीच लागू पडेल.

कोपरीकर | बुधवार, सकाळी ९.१५

याहून चांगली ओळख मिळणार नाही. फक्त ती इंग्रजी अंक-अक्षरांत लिहा. देवनागरीतली ओळख लिंक पाठवताना टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी होते आणि मध्येच तुटते. ‘टार्गेट’ या निवडीने लिंकवरून आलेल्या अनुच्छेदाला जाड चौकट द्या, म्हणजे कुठे पोचलो ते कळेल.

तलावपाळी | बुधवार, रात्री १०.१०

भाग तीन या नियमांनी काढला. ऐरोली_कट्टाने लोकलमध्ये उघडून पाहिला, (छ) जागेवर आहे, लिंकही बरोबर तिथेच नेते. आता पंचायती आणि नगरपालिका, भाग नऊ आणि नऊ-क. तिथे २४३ण, २४३यछ असे क्रमांक आहेत, अडीच रेमच्या रुंदीत मावत नाहीत आणि मजकुरावर चढतात.

कोपरीकर | बुधवार, रात्री १०.३५

अनुच्छेद शीर्षकात आहेत, त्यांना लटकता क्रमांक नकोच. तिसऱ्या पातळीच्या शीर्षकातल्या ‘क्रमांक’ क्लासला ‘डिस्प्ले: ब्लॉक’ करा, रुंदी आपोआप आणि मार्जिन शून्य. क्रमांक वरच्या ओळीत, नाव खाली. फोनवर ते वाचायलाही सोपं जातं. अडीच रेम खंड-उपखंडांना राहू द्या, तिथले बहुतेक क्रमांक (१) आणि (क) एवढेच असतात. जिथे (एक), (दोन) असतील त्या यादीला साडेतीन.